पेठ घडवावी दुकानदारांनीच

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात चुडावा येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून डॉक्टर, वकील किंवा एखादे साहेब बोलवावेत, असा आपल्याकडे रिवाज आहे. या वर्षी संस्थेने एका कापड दुकानदाराला बोलाविले. निरोप आला तेव्हा मी चिटणीससाहेबांना म्हणालो, "अहो, मी आयुष्यभर कापड फाडले, मी मुलांना काय सांगणार?" ते म्हणाले, "इथल्या निम्म्या मुलांचे वडील दुकानदार, फेरीवाले नाहीतर आठवडी बाजारात पाल मांडणारे आहेत. त्यांना त्यांच्याच धंद्याबद्दल काही सांगा." म्हणून आज मी बाजारपेठेबद्दल बोलणार आहे. पेठ कशी उभी राहते, कशी टिकते आणि कोणाच्या हातून निसटते, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम माझ्या घरची हकीकत सांगतो. आमच्या अब्बांचे एका तालुक्याच्या गावी, मुख्य रस्त्यावर, भाड्याचे लहानसे दुकान होते. गावाचे नाव घेत नाही, कारण कोणावर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. अब्बांचे शिक्षण निजामाच्या अमदानीतले, उर्दूतून झालेले. हिशेबात ते पक्के होते. उधारीच्या वहीतला एक पैसा कधी चुकला नाही. परंतु दुकानाचे भाडे मात्र तोंडी बोलीवर चाले. दर महिन्याला मालकाच्या हातात रक्कम द्यायची, चहा घ्यायचा आणि परत यायचे. पावती मागणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखविणे, अशी त्यांची समजूत होती. पंचवीस वर्षे असेच चालले.

१९८४ साली त्या रस्त्याचे रुंदीकरण निघाले. दाराला मराठीत छापलेली नोटीस चिकटविण्यात आली. अब्बांना मराठी बोलता येत होते, वाचता येत नव्हते. मी तेव्हा दहावीत होतो, पण परीक्षेच्या गडबडीत नोटिशीकडे लक्ष दिले नाही. शेजारच्या कोणीतरी सांगितले की, असल्या नोटिशी येतात आणि जातात. त्या कागदात इतकेच लिहिले होते की, ज्यांची दुकाने जाणार आहेत त्यांनी अमुक तारखेच्या आत भाडेपावती व इतर पुरावे घेऊन नाव नोंदवावे, म्हणजे नव्या गाळ्यांसाठी त्यांचा विचार होईल. तारीख निघून गेली. दुकान गेले. आमच्या शेजारी एक टोपलीवाला बसत असे. त्याने पंचायतीच्या बाजार वसुलीच्या, म्हणजे तहबाजारीच्या चिठ्ठ्या एका जुन्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्याचे नाव यादीत आले, आमचे आले नाही. अब्बा त्यानंतर सायकलवर कापडाचा गठ्ठा बांधून खेडोपाडी फिरले. त्यांनी तक्रार केली नाही. पण एक वाक्य ते वारंवार म्हणत, "बाजार आम्ही बसविला, आणि बाजाराच्या कागदावर आमचे नाव नाही."

मित्रांनो, आज मी जे सांगणार आहे ते सारे या एका वाक्याचेच स्पष्टीकरण आहे.

पेठ म्हणजे केवळ चार दुकाने नव्हेत. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. परभणीला हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीच्या सुमारास भरतो. तेथे दर्शनाला येणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात. दर्ग्यावर चादर चढवून मंडळी बाहेर आली की बांगड्या, मिठाई, भांडी, खेळणी यांची दुकाने लागतात. तिकडे नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, आणि त्याच यात्रेत घोड्यांचा व गुराढोरांचा मोठा बाजार असतो. श्रद्धा आणि सौदा, गाणे आणि खाणे, भेटीगाठी आणि देणीघेणी, हे सारे आपल्याकडे शेकडो वर्षे एकाच मैदानावर नांदत आले आहे. माणूस केवळ वस्तू घेण्यासाठी पेठेत येत नाही. ओळखीचा वास, ओळखीची बोली आणि ओळखीचे तोंड त्याला हवे असते. हे जो दुकानदार ओळखतो तो पेठ घडवितो. आज शहरोशहरी सरकारे, महापालिका आणि बांधकाम करणारे लोक अशा पेठांना 'सांस्कृतिक बाजारपेठ' असे नाव देऊन त्यांचा विकास करू पाहतात. ही गोष्ट चांगली आहे. परंतु त्या विकासात मूळच्या दुकानदाराचे स्थान काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे आपल्या राज्यातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मुंबईचा भेंडीबाजार. आपल्यापैकी पुष्कळांचे भाऊबंद कामधंद्यासाठी मुंबईला आहेत. रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास जी गर्दी लोटते ती आपण पाहिली किंवा ऐकली असेल. त्या रस्त्याच्या अंगालाच भेंडीबाजार आहे. हा भाग गोदीत काम करणाऱ्यांच्या आणि व्यापारासाठी मुंबईला आलेल्यांच्या वस्तीतून वाढला. खाली दुकान आणि वर बिऱ्हाडे, अशी तेथील घरांची रचना होती. बोहरा, मेमन, कोकणी मुसलमान आणि उत्तरेकडून आलेले कारागीर, अशा नाना जमातींनी मिळून ही पेठ बसविली.

या बाजाराचे नाव संगीतातही अजरामर झाले आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ मुरादाबादच्या बाजूकडून येऊन येथे राहिले आणि त्यांच्या गायकीला 'भेंडीबाजार घराणे' असे नाव पडले. गोमंतकातील अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे अमान अली खाँसाहेबांकडे लता मंगेशकरांनीही काही काळ तालीम घेतली. एका बाजाराच्या नावाने गायनाचे घराणे ओळखले जावे, यापेक्षा पेठ आणि संस्कृती यांच्या नात्याचा मोठा पुरावा कोणता हवा?

असे असूनही हा बाजार मोडकळीस आला, त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळजवळ गोठविली. गरीब भाडेकरूंचे रक्षण व्हावे हा त्यामागचा हेतू चांगला होता. परंतु दहा-वीस रुपये भाडे मिळत असताना मालक दुरुस्तीवर हजारो रुपये कशाला खर्च करील? दुसरीकडे पगडीची पद्धत रूढ झाली. दुकान घेणारा मोठी रक्कम देई, पण मालक होत नसे, भाडेकरूच राही. त्यामुळे इमारतीची काळजी मालकाने घ्यावी असे भाडेकरू म्हणे, आणि भाडेकरूने घ्यावी असे मालक म्हणे. मधल्यामध्ये भिंती फुगत गेल्या, जिने झिजले, तुळयांना टेकू लागले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जुन्या पेठेच्या आठवणी गोड असतात हे खरे, पण गोड आठवणींनी छप्पर सावरले जात नाही.

ही वेळ येण्यापूर्वीच दुरुस्तीचा मोठा विचार सुरू झाला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेने २००९ साली सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सुमारे साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास इमारती, ३२०० कुटुंबे आणि १२५० दुकाने यांचा एकत्र पुनर्विकास करण्याची ही योजना आहे. एकेक इमारत वेगळी न पाडता अख्ख्या पेठेचा आराखडा एकदम करावयाचा, म्हणून याला समूह पुनर्विकास म्हणतात. रस्ते रुंद, सांडपाण्याची सोय, मोकळी जागा आणि खालच्या मजल्यांवर दुकानांची सलग ओळ, असा बेत आहे. जे आजवर भाडेकरू होते त्यांना मालकी हक्काने जागा मिळावयाची, कुटुंबाला किमान ३५० चौरस फूट. तोपर्यंत राहण्याची व धंद्याची तात्पुरती सोय ट्रस्टने करावयाची. पहिल्या टप्प्यातील 'अल् सआदा' हे जोडमनोरे उभे राहून तेथे कुटुंबे राहावयास गेली आणि दुकाने लागली.

आता याकडे दुकानदाराच्या नजरेने पाहू या. कुटुंबाला चार वर्षे दुसरीकडे राहणे जड जाते, पण जमते. दुकानाचे तसे नसते. गिऱ्हाईक वाट चुकले की परत येत नाही. अत्तरवाल्याच्या शेजारी टोपीवाला, त्याच्या शेजारी तस्बीहवाला, ही ओळ तुटली की तिघांचाही धंदा तुटतो. नव्या इमारतीत गाळा रस्त्याच्या तोंडाला आहे की आतल्या बाजूला, पहिल्या मजल्यावर आहे की तळाला, माल उतरविण्याला हातगाडी पोचते की नाही, देखभालीचा खर्च महिन्याला किती, हे सारे आराखड्याच्या कागदावर ठरते. कागदावर ठरते त्या दिवशी जो हजर नसतो, त्याला नंतर फक्त कुरकुर करता येते. कायद्याने अशा योजनेला भाडेकरूंची ठराविक प्रमाणात लेखी संमती लागते. म्हणजे दुकानदाराची सही ही त्याची ताकद आहे. पण आपण कशावर सही करीत आहोत हे वाचता आले तरच ती ताकद. नाहीतर अंगठा आणि सही यांत फरक तो काय?

भेंडीबाजारात पात्र ठरावयाचे तर आपण कधीपासून, कोणत्या जागेत, कोणत्या हक्काने आहोत ते दाखवावे लागते. ज्यांनी पावत्या, दिव्याची बिले आणि परवाने जपले ते ताठ मानेने पुढे गेले असतील. ज्यांचे व्यवहार तोंडी असतील त्यांची स्थिती काय झाली असेल, हे मला कोणी सांगावयाची गरज नाही. आमच्या घरात मी ती पाहिली आहे.

भेंडीबाजारात एका संस्थेने पुढाकार घेतला. दुकानदारांनी स्वतः संघटित होऊन पेठ सांभाळल्याचे उदाहरण पाहावयाचे असेल तर थोडे दूर, सिंगापूरला जावे लागेल. आपल्या मराठवाड्यातली मुले आता आखातात जातात, मलेशिया-सिंगापूरलाही जातात, त्यामुळे ही नावे आपल्याला अगदीच परकी नाहीत. सिंगापुरात सेरंगून रोड नावाचा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे भारतीयांचा गुरांचा व्यापार होता, आजही जवळच्या एका रस्त्याचे नाव 'बफेलो रोड', म्हणजे म्हशींचा रस्ता असे आहे. गुरांमागोमाग दूधवाले आले, मग फुलवाले, सोनार, मसालेवाले, शिंपी आले. त्या एका परिसरात वीरमाकाळीअम्मनचे मंदिर आहे, गुजराती व्यापारी घराण्याच्या नावाची अंगुलिया मशीद आहे आणि डनलॉप स्ट्रीटवर अब्दुल गफूर मशीद आहे. या पेठेला जग 'लिटल इंडिया', म्हणजे छोटा हिंदुस्थान म्हणून ओळखते.

१९८९ साली तेथील नगरनियोजन खात्याने हा भाग जतन करावयाच्या क्षेत्रात घातला. जुन्या दुकानघरांचे दर्शनी भाग पाडावयाचे नाहीत, दुरुस्त करून वापरावयाचे, असा नियम झाला. घरे वाचली. पण घरे वाचली म्हणजे दुकानदार वाचला असे होत नाही. दुरुस्तीनंतर भाडी चढली आणि २००१ साली तर तेथील जुना भाडेनियंत्रण कायदाच रद्द झाला. परदेशी प्रवासी वाढले, आणि लहान लहान जुने धंदे मागे पडू लागले. म्हणजे मुंबईत भाडे गोठल्याने पेठ खचली, आणि सिंगापुरात भाडे सुटल्याने लहान दुकानदार खचला. यावरून एकच बोध घ्यावयाचा की, नुसत्या कायद्याच्या भरवशावर पेठ टिकत नाही.

तेथील भारतीय दुकानदारांनी मग काय केले? त्यांनी संघटना बांधली. तिच्या नावातच दुकानदार आणि वारसा हे दोन्ही शब्द आहेत, 'लिटल इंडिया शॉपकीपर्स अँड हेरिटेज असोसिएशन'. दिवाळीला रस्ताभर दिव्यांची आरास, पोंगलला गाईगुरे आणून शहरातल्या मुलांना दाखविणे, असे उपक्रम ही संघटना इतर मंडळांच्या सहकार्याने करते. सणाला गर्दी जमते, आणि गर्दी जमली की धंदा होतो. शासनाशी बोलावयाचे झाले तर शंभर दुकानदारांनी शंभर अर्ज देण्याऐवजी संघटना बोलते. त्याच पेठेतील 'लिटल इंडिया आर्केड' या जुन्या दुकानघरांच्या समूहाची मालकी तेथील हिंदू देवस्थान मंडळाकडे आहे, म्हणजे जागेचा एक तुकडा समाजाच्याच हाती राहिला. २०१५ साली तेथे भारतीय वारसा केंद्र, म्हणजे संग्रहालयही उघडले. जुन्या वह्या, छायाचित्रे, कारागिरांची हत्यारे यांना आज संग्रहालयात जागा मिळते. आपण तीच रद्दीत घालतो.

याच पेठेत १९७१ साली उत्तर प्रदेशातून गेलेल्या एका मुस्लिम कुटुंबाने कॅम्पबेल लेनवर कपड्यांचे लहान दुकान काढले. ते 'मुस्तफा' या नावाने पुढे एवढे वाढले की १९९५ साली सय्यद अलवी रोडवर त्याची अनेक मजली इमारत उघडली, आणि सिंगापूरला जाणारा भारतीय प्रवासी तेथे पाऊल टाकल्याशिवाय सहसा परतत नाही. सुई-दोऱ्यापासून सोन्यापर्यंत माल एका छताखाली मिळतो. मोठे दुकान आले की लहान बुडतात, अशी भीती असते आणि ती खोटी नाही. पण मोठ्या दुकानाने पेठेत गिऱ्हाईक खेचून आणले, तर त्यातले काही लहान दुकानातही शिरते. लहानाने मात्र आपला माल आणि आपला स्वभाव वेगळा राखला पाहिजे.

कोणी म्हणेल, मुंबई-सिंगापूरच्या गोष्टी चुडाव्याला काय करावयाच्या? आपले गाव पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचे लहानसे स्टेशन. एका बाजूला पूर्णा जंक्शन, दुसऱ्या बाजूला नांदेडसारखे शहर. गिऱ्हाईक गाडीत बसून नांदेडला जाते, आणि आता तर मोबाईलवर बोट फिरवून घरबसल्या माल मागविते. मला वाटते, म्हणूनच हा विषय आपला आहे. मोठ्या पेठेला पडझड सोसण्याचे बळ असते. लहान पेठेला चूक परवडत नाही.

नांदेडला २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्ताने शहराचे रस्ते रुंद झाले, शहराचे रूप पालटले. उद्या आपल्या भागातही रस्ता रुंद होईल, स्टेशनचा परिसर सुधारेल, आठवडी बाजाराला पक्के ओटे होतील. हे सारे व्हावे अशीच माझी इच्छा आहे. प्रश्न एवढाच आहे की, त्या दिवशी यादीत आपले नाव असेल की नाही?

म्हणून मी तीन गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट कागद. गावातील मालमत्तेची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठमध्ये असते. आपल्या दुकानाची नोंद तेथे कोणाच्या नावाने आहे, हे आज सायंकाळी घरी जाऊन विचारा. भाड्याचे असेल तर लेखी करार करा, भाडे शक्यतो बँकेतून द्या, पावती मागा. पावती मागण्यात बेअदबी नाही. व्यवहार लिहून ठेवावा, ही तर आपल्या धर्माचीही स्पष्ट शिकवण आहे. ती आपण वाचतो आणि दुकानात विसरतो. तहबाजारीची चिठ्ठी, घरपट्टीची पावती, दिव्याचे बिल, दुकानाची नोंदणी, हे सारे एका पिशवीत, सालवार लावून ठेवा.

दुसरी गोष्ट संघटना. रस्त्यावर बसून विकणाऱ्यांसाठी २०१४ साली केंद्र सरकारने पथविक्रेत्यांचा कायदा केला. तो शहरी भागासाठी आहे, म्हणजे आपल्यातील जे पूर्णा, परभणी, नांदेडला गाडा लावतात त्यांच्यासाठी. त्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमावयाची असते, आणि तिच्यात किमान ४० टक्के सभासद स्वतः विक्रेत्यांतून निवडून यावे लागतात, त्यांतही एक तृतीयांश स्त्रिया. पाहणी करून विक्री प्रमाणपत्र द्यावयाचे असते, आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत कोणाला उठविता येत नाही. २०२० साली पथविक्रेत्यांना सुरुवातीला दहा हजार रुपयांच्या बिनतारण कर्जाची योजना निघाली, तेव्हा ज्यांच्याजवळ नोंदीचा कागद होता त्यांचे काम सोपे झाले. कायद्याने खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर बसण्यासाठी आपल्यातला माणूस उभा राहिला पाहिजे. गावात ग्रामसभा आहे. बाजाराची जागा, पाणी, दिवा, स्वच्छतागृह, हे विषय ग्रामसभेत मांडावयाचे असतात. आणि संघटना जमातीची नको, पेठेची हवी. किराणावाला मारवाडी, भाजीवाली माळीण, लोहार, चपलावाला, बांगडीवाला मणियार, या सर्वांची मिळून एक पेठ होते. बाजाराची जागा गेली तर ती सर्वांची एकदम जाते.

तिसरी गोष्ट, जिच्यासाठी आपण येथे जमलो आहोत, ती म्हणजे शिक्षण. आमच्या घरी दखनी बोलली जाते, तुमच्याही बहुतेक घरी तीच आहे. ती आपली मायेची बोली आहे, ती जपावी. पण सातबारा मराठीत निघतो, नोटीस मराठीत येते, ग्रामसभेचा ठराव मराठीत लिहिला जातो. ज्या मुलाला मराठी नीट वाचता-लिहिता येते तो आपल्या सबंध गल्लीचा आधार असतो. मराठीच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलांनी आमच्या दाराला चिकटलेली ती नोटीस आठवावी.

पालकांना माझे हात जोडून सांगणे आहे. "दहावी झाली, आता बस दुकानावर," हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. दुकानावर बसणे कमीपणाचे नाही, मी आयुष्यभर बसलो आहे. पण कमी शिकलेला मुलगा दुकान चालवितो आणि शिकलेला मुलगा दुकान वाढवितो, हा फरक मी बाजारात पाहिला आहे. हिशेब संगणकावर ठेवणे, करभरणा वेळेवर करणे, बँकेचे प्रकरण तयार करणे, आराखडा वाचणे, करारातली कलमे समजून घेणे, हे आता दुकानदारीचेच भाग झाले आहेत. आणि मुलींना विसरू नका. आमच्या घरचा जीव तरला तो आमच्या धाकट्या बहिणीमुळे. तिने बारावी केली आणि अब्बांच्या उधारीच्या वह्या, भावांच्या दुकानाचे करार, सारे कागद आजवर तिनेच सांभाळले. आज आम्हा भावंडांचा गाळा आमच्या नावावर आहे, त्याचे श्रेय तिचे आहे.

व्यापारी आणि शिक्षण यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत बॅरिस्टर बदरुद्दीन तय्यबजी होते, जे पुढे १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्याबरोबर नाखुदा मोहम्मद अली रोगे यांच्यासारखे व्यापारी होते. १९३६ साली भायखळ्यात साबू सिद्दीक यांच्या नावाने तंत्रशिक्षणाची संस्था निघाली. साबू सिद्दीक हेही व्यापारी घराण्यातले. दुकानाच्या गल्ल्यातून शाळा उभी राहते, आणि त्या शाळेतून शिकलेला मुलगा पेठ सांभाळतो. ही देवघेव थांबली की दोन्ही कोमेजतात. आपली ही संस्थादेखील लहान लहान दुकानदारांच्या पावत्यांवर चालली आहे, हे स्मरणिकेतील जाहिरातींची पाने चाळली तरी ध्यानात येईल.

शेवटी विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. येत्या सुटीत गुरुजींच्या मार्गदर्शनाखाली आपल्या गावच्या पेठेची एक वही तयार करा. दुकान कोणाचे, किती वर्षांचे, कोणता माल, आठवडी बाजारात कोण कोठे बसते, त्याचे मूळ गाव कोणते, हे विचारून लिहा. बुजुर्गांना जुन्या बाजाराच्या आठवणी विचारा. जागेचा साधा नकाशा काढा. कोणाजवळ पावत्या नसतील तर त्याला कोठे अर्ज करावयाचा ते समजावून द्या आणि अर्ज लिहून द्या. त्या वहीची एक प्रत शाळेत ठेवा, एक ग्रामपंचायतीला द्या. उद्या ओटे बांधावयाचे ठरले तर, "येथे कोण बसत होते?" या प्रश्नाचे उत्तर तुमच्या वहीत सापडेल. माझ्या मते आज वाटलेल्या कोणत्याही बक्षिसाइतकेच हे काम मोलाचे ठरेल.

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. आमच्या गाळ्याचे कागद नावावर झाले त्या दिवशी बहिणीने ते मला मोठ्याने वाचून दाखविले, कारण अब्बांना ऐकविण्याचे राहून गेले होते. तुमच्या घरी अब्बा आहेत, आजोबा आहेत. त्यांना आजच विचारा, आणि त्यांच्यासमोर बसून कागद वाचा.

 बक्षीस मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांचे अभिनंदन, आणि ज्यांना ते मिळाले नाही त्यांना पुढच्या वर्षासाठी शुभेच्छा. अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये आणि आपल्या रोजीत बरकत देवो, ही दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय महाराष्ट्र, जय हिंद.